हरीण छाप सोड्याच्या बारा बाटल्या

नोकरीतले खून आणि दरोडे मी बरेचसे विसरलो आहे. कागद समोर ठेवले तर ओळखीन, एवढंच. पण काहीही चोरीला गेलेलं नसताना एक म्हातारा चोरीची फिर्याद द्यायला आला होता, ते प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका लहान ठाण्याचा मी उपनिरीक्षक. मी मूळचा देशावरचा. उघड्या माळाची सवय असलेल्या माणसाला तिथलं जंगल आधी घाबरवतं आणि मग गुंगवतं. मार्च महिना होता. मोह गळत होता. सकाळी गावातल्या बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला जायच्या आणि दुपारी सगळा मुलूख त्या गोड, जड वासात पेंगायचा. ठाण्याच्या पडवीतून समोरचं सागवान उन्हात थरथरताना दिसे, जणू पाण्याखालून पाहतो आहोत.

अशाच एका दुपारी ठाणे अंमलदारानं आत येऊन सांगितलं, "साहेब, जंगलातल्या डाकबंगल्याचा चौकीदार आला हाये. चोरी झाली म्हनते."

चौकीदार साठीच्या जवळचा. अंगात खाकी सदरा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. अकरा मैल चालत आला होता. खांद्याशी दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या मुलासारखं धरलेलं. ते त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. काचेची एक जुनी बाटली होती. वर गंजलेलं पत्र्याचं बूच, आत खांद्यापर्यंत पाणी, पोटावर पिवळं पडलेलं लेबल. लेबलावर हरणाचं चित्र.

"हलवून पाहा साहेब," तो म्हणाला.

मी हलवली. तळातून एक बुडबुडा निघाला आणि सावकाश वर चढला. त्याच्यामागे बारीक बुडबुड्यांची माळ.

"सोडा आहे. बुडबुडे येणारच," मी म्हणालो.

"हा सोडा माह्या बापाच्या जवानीतला हाये साहेब. मी पोरगा होतो तवाच याच्यात जीव नव्हता. किती हलवा, कायी येत नव्हतं. आता बुडबुडा काऊन येते?"

हवालदार दारातच होता. तो हसू दाबत म्हणाला, "साहेब, बाटलीत गॅस आला म्हणून गुन्हा दाखल करायचा काय?"

मीही हसलो. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली.

चौकीदाराला बसवून सगळं विचारून घेतलं. डाकबंगला इंग्रजांच्या काळचा. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात सोड्याच्या बारा जुन्या बाटल्या होत्या. अकरा रिकाम्या, एक कधीच न उघडलेली. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे बंगल्याच्या सामानाच्या वहीत, नोंद होती: 'जुन्या सोडा बाटल्या, नग बारा.' चौकीदार बत्तीस वर्षं त्या बाटल्या धूत-पुसत आला होता. दोन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. सामानाचा ताबा देण्यासाठी त्यानं सगळं बाहेर काढून पुसायला घेतलं आणि त्याचा हात थांबला.

"बाटल्या बाराच हायेत. पन त्या ह्या नाईत," तो म्हणाला. "कोनी बदलवल्या. साऱ्या."

"तुमच्या साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हनाले, आकडा बरोबर हाये ना? मंग सही कर आन घरी जा. मी सही नाई केली."

हे ऐकल्यावर मी जरा सावरून बसलो. कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती. बाटल्या बदलल्या असतील तर पहिला संशय त्याच्यावरच येणार होता. निवृत्ती तोंडावर, आकडा पुरा, कुणाचीही तक्रार नाही. एक सही केली की तो मोकळा झाला असता. तरी हा माणूस अकरा मैल उन्हातून स्वतःवर बालंट ओढवून घ्यायला आला होता. असं दोनच प्रकारची माणसं करतात. एक, ज्याचं डोकं फिरलेलं आहे. दुसरा, ज्याला खोटी सही करता येत नाही. तो कुठल्या प्रकारचा, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

म्हणून मी फिर्याद लगेच घेतली नाही. नोंद फक्त स्टेशन डायरीला केली आणि त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. खरं सांगायचं तर संशयित म्हणूनच बोलावलं. दोन दिवस त्याला बाकावर बसवून ठेवलं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. कुणाला विकल्यास? कुणाला दाखवल्यास? आवाजही चढवला. तो प्रत्येक वेळी उभा राहून उत्तर द्यायचा.

चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणाऱ्याची हकिकत दर खेपेला गुळगुळीत होत जाते. खऱ्याची तशीच ओबडधोबड राहते. पहिल्या दिवशी जिथे अडखळला, तिथेच तो तिसऱ्या दिवशीही अडखळतो. चौकीदार दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होता: बाटल्या जंगलात आल्या कशा, हे सांगताना.

तिसऱ्या दिवशी मी आवाज उतरवला आणि म्हणालो, "बाबा, या बाटल्या तुमच्या कोण लागतात?"

तो बाहेर सागवानाकडे वळला. मग बोलला. त्याचे वडील बेगारीत होते. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, कारखान्यातून सोड्याचे खोके निघायचे. आष्टीपर्यंत बैलबंडीनं, वैनगंगा नावेनं, आणि पुढे जंगलातून माणसांच्या डोक्यावर. इंग्रज साहेब शिकारीला यायचा, त्याला जेवताना सोडा लागायचा. वडील जातीनं अस्पृश्य. वाटेवरच्या विहिरीवर त्यांना चढू देत नसत. कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी.

"बारा-चौदा कोस डोक्यावर पानी घेऊन चालायचा माहा बाप, आन प्याले पानी नाई," तो म्हणाला. "एकदा एक बाटली फुटली, तं कारकुनानं काचा हातानं वेचायला लावल्या. डाव्या हाताचं बोट वाकडं झालं, ते मरेपर्यंत वाकडं राह्यलं. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेऊन आलो आम्ही, तवा घरी येऊन त्यानं ते बोट मले दाखवलं. म्हने, आता हे सरळ झालं."

रायटरला बोलावलं आणि कलम ३८० खाली गुन्हा दाखल केला. फिर्यादीचा जबाब लिहून घेताना मी वडिलांची ती सगळी हकिकत, नावासकट, घालायला सांगितली. रायटर म्हणाला, "साहेब, याचा गुन्ह्याशी संबंध नाही." मी म्हणालो, "लिही."

आता खरा प्रश्न होता. बाटल्या बदलल्या हे सिद्ध कसं करायचं? न्यायालयात 'मला वाटतं' चालत नाही. डाकबंगल्यात जाऊन पंचनामा केला. कपाट पूर्वेच्या खिडकीशी. सकाळचं ऊन पानांतून गाळून येई आणि बाटल्यांतून पार होऊन समोरच्या भिंतीवर हिरवट डाग पडत. मी तिथे उगाचच बराच वेळ उभा राहिलो. चौकीदार मागून म्हणाला, "पयले हे डाग हलत होते साहेब. तळ्याच्या पान्यावानी. आता बसून राह्यले." मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं स्वप्न वाटलं.

बाराही बाटल्या मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतल्या आणि हवालदाराला घेऊन बसनं चंद्रपूर गाठलं. किल्ल्याच्या जुन्या कोटाला लागून एका गल्लीत सोड्याचा लहान कारखाना होता. मालक सत्तरी ओलांडलेले. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. त्यांचे वडील चांद्यातल्या त्याच जुन्या, कधीच बंद पडलेल्या कारखान्यात सोडा भरायचे, असं तिथल्या पोलीस चौकीनं कळवलं होतं.

चाचांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि आमच्या बाटल्या एकेक करून उन्हात धरल्या. मग आतून आपल्या तीन बाटल्या आणल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. पहिली बुडाशी अंड्यासारखी गोल, उभी राहीना. ती त्यांनी आडवीच ठेवली.

"ही सगळ्यात जुनी," ते म्हणाले. "विलायतेहून यायची. मुद्दाम अशी बनवली. उभी ठेवताच येत नाई, म्हणून आडवी पडते, आन आतलं लाकडी बूच ओलं राहते. वाळलं की गॅस पळाला. मग आली ही गोलीवाली. ही तर तुम्ही प्यायलेच असाल. आन मग पत्र्याच्या बुचाची. आता साहेब, डोळे बंद करा आन बोट द्या."

त्यांनी माझा अंगठा धरला आणि तिसऱ्या बाटलीच्या कुशीवरून वर नेला. काचेला एक बारीक उभी शिवण लागत होती. गळ्यापाशी येऊन ती नाहीशी झाली.

"साचात बाटली फुंकली की दोन भागांच्या मधात ही शिवण येते. पयले ओठ साचात नव्हता बनत. कारागीर वरून गरम काच लावून हातानं फिरवायचा. म्हणून शिवण गळ्यातच मिटते. आता ही तुमची बघा."

आमच्या बाटलीवर अंगठा फिरवला. शिवण खालून निघाली, गळा चढली आणि ओठावरून पार पलीकडे गेली.

"मशीनची हाये. फार तर माह्या लग्नाच्या वेळची," चाचा म्हणाले. "जुन्या काचेत बुडबुडे असते, रेतीचा दाना असते, बूड एका बाजूनं बसते. रंग तलावाच्या पान्यासारखा. ही एकदम साफ. बाराच्या बारा तशाच."

म्हाताऱ्यानं एकही शब्द चुकीचा सांगितला नव्हता. जुन्या काचेत खळगे आणि बुडबुडे होते, म्हणून भिंतीवरचा उजेड हलायचा. साफ काचेतून तो स्थिर पडत होता.

"आणि लेबल?" मी विचारलं. "लेबलही खोटं असेल."

तपासाच्या पेटीतलं बोटांचे ठसे पाहायचं भिंग मी त्यांना दिलं. चाचांनी लेबल बराच वेळ पाहिलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग भिंग खाली ठेवून हळूच म्हणाले, "नाई साहेब. बाटली खोटी, पन लेबल असली आहे."

"ते कसं?"

"छपाई दगडावरची. शिळाप्रेस. रंग कसा भरला बघा, हातानं पसरल्यावानी. नव्या छपाईत भिंगाखाली जाळी दिसते, इथी नाई. गावाचं नाव 'चांदा' हाये. चंद्रपूर लिहिलं असतं तं मीच हसलो असतो. कागद आपल्या वयानं पिवळा झाला, चहात बुडवून नाई. पन ऐका. सोडा आम्ही पान्याच्या टाक्यात थंड करत होतो. विकलेल्या बाटलीच्या लेबलाले पान्याची लकीर पडतेच. या लेबलानं पानी पाह्यलंच नाई. कधी वापरलंच नव्हतं हे. आन चिकटवलं तो डिंक ताजा. अजून वास येते."

"म्हणजे जुनं, पण कोरं लेबल?"

"कोरं. आन एक गोष्ट. पयल्या लेबलावर हरीण उभं होतं, नुसतं इंग्रजी. बाप सांगायचा. मंग मालकानं बदलवलं, हरीण पळतं केलं, खाली मराठी टाकलं. ह्याच्यावर पळतं हाये. तुमच्या चौकीदाराले विचारा, त्याचं हरीण कसं होतं."

हवालदार पटकन म्हणाला, "साहेब, त्यानं पयल्याच दिवशी सांगितलं होतं. हरीण पळून गेलं म्हने. मले वाटलं म्हातारा बरळते." जबाबात ते शब्द नव्हते. आम्ही ते लिहूनच घेतले नव्हते.

मी चाचांना शेवटचा प्रश्न विचारला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची न वापरलेली लेबलं आज कुणाकडे असू शकतील?

"दुकानदाराकडे नाई. ग्राहकाकडे नाई," चाचा म्हणाले. "मालकाच्या घरी. अजून कुठी असनार?"

कारखान्याच्या मालकाचं घराणं कधीच नागपूरला गेलं होतं. चाचांनी आडनाव सांगितलं. ते मी आधी वाचलेलं होतं. डाकबंगल्याच्या मुक्कामाच्या वहीत, गेल्या दीड वर्षात चार वेळा. 'पक्षिनिरीक्षणासाठी' असा शेरा. सही सुरेख, वळणदार.

नागपूरच्या स्थानिक ठाण्यात नोंद करून आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. दार त्यांनीच उघडलं. पंचेचाळिशीचे, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. माझा गणवेश पाहिला आणि काही न विचारता बाजूला झाले. आतल्या खोलीत पूर्वेच्या खिडकीत फळी मारलेली होती. फळीवर बाटल्या. मागच्या चुन्याच्या भिंतीवर हिरवा उजेड हलत होता, तळ्याच्या पाण्यासारखा.

चौकीदाराला जे स्वप्न पडतं असं मी समजलो होतो, ते माझ्यासमोर भिंतीवर चाललं होतं. आम्ही तिघंही क्षणभर तिकडेच पाहत राहिलो.

चौकशी सोपी गेली. त्यांनी काहीच लपवलं नाही.

"आमच्या आजोबांचा कारखाना बुडाला, तेव्हा सगळं लिलावात गेलं," ते सांगत होते. "घरात उरली फक्त लेबलांची एक चवड. कोरी. वडील ती मला दाखवायचे आणि म्हणायचे, या नावाची एक तरी बाटली पाहायला मिळाली पाहिजे होती. मी कुठे कुठे शोधली. भंगारवाल्यांकडे, जुन्या बाजारात. आणि पक्षी पाहायला गेलो, तर त्या बंगल्यात बारा उभ्या. एक तर भरलेली. माझ्या आजोबांच्या कारखान्यातलं पाणी, साहेब, त्यांच्या हयातीतलं."

"मागायच्या होत्या."

"सरकारी वस्तू कोण देतं? मी ती चोरी समजलोच नाही. घरची वस्तू घरी आणतो आहे, असंच वाटत होतं. दर खेपेला तीन बदलल्या. चौकीदार चहा करायला मागे जायचे तेवढ्यात. तशाच बांध्याच्या, जुन्या वाटतील अशा बाटल्या शोधल्या. बूच मिठाच्या पाण्यात गंजवलं. कुणाच्या लक्षात आलं?"

"चौकीदाराच्या. तुम्ही त्या एका बाटलीत सोडा भरलात. आधीच्यातला गॅस कधीच उडून गेला होता. नुसतं पाणी भरायचं होतं."

त्यांनी डोळे मिटले. "साधं पाणी भरायला मन झालं नाही," ते म्हणाले. "आजोबांच्या लेबलाखाली साधं पाणी?"

मुद्देमाल जप्त केला, त्यांना अटक करून न्यायालयापुढे उभं केलं. जामीन झाला. आता मालाची ओळख पटवायची होती. यात नियम असा की चोरीची वस्तू तशाच दुसऱ्या वस्तूंत मिसळायची आणि फिर्यादीनं ती निवडून काढायची. तशा जुन्या बाटल्या आणायच्या कुठून? पुन्हा चाचाच धावून आले. त्यांनी ओळखीच्यांकडून गोळा करून त्याच काळातल्या चौदा बाटल्या पाठवल्या. ज्या बाटल्यांवर लेबल होतं ते कागदाच्या पट्टीनं झाकलं.

तहसील कचेरीत पंचांसमोर, नायब तहसीलदारांसमोर, सतरंजीवर सव्वीस बाटल्या मांडल्या. चौकीदाराला आत बोलावलं. तो आधी वाकला, मग खालीच बसला. एक बाटली उचलली, अंगठा बुडापासून गळ्यापर्यंत नेला आणि बाजूला ठेवली. दुसरी उचलली.

"हिच्या पोटात मोहरीयेवढा रेतीचा दाना हाये." नायब तहसीलदारांनी भिंग लावलं. दाणा होता.

"हिचा ओठ वाकडा. हिचा कारागीर डावरा असन."

"ही डावीकडे झुकते. हिच्याखाली मी बिडीच्या बंडलाचा कागद ठेवत होतो."

एक बाटली त्यानं बराच वेळ हातात फिरवली. सगळे वाट पाहत होते. मग त्यानं ती परत सतरंजीवर ठेवली. "ही त्याच साचाची हाये. पन माह्या हातची नाई."

ती चाचांची होती.

बाराव्या बाटलीला त्यानं हलवलं, कानाशी नेलं. आत काहीच नव्हतं. खांद्यापर्यंतचं पाणी गप्प होतं. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे पाहिलं. बारापैकी बारा. नायब तहसीलदारांनी पंचनाम्यावर सही करताना मला विचारलं, "हा माणूस बत्तीस वर्षं काय करत होता?" मी म्हणालो, "पुसत होता."

खटला उभा राहिला त्या दिवशी प्राध्यापकांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश वयानं माझ्याएवढेच होते. निकाल देण्याआधी त्यांनी सगळे कागद सावकाश वाचले. फिर्यादीच्या जबाबापाशी थांबले.

"यात फिर्यादीच्या वडिलांचं नाव कशाला आहे?" त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं. "हे साक्षीदार आहेत?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. तेवढ्यात मागून चौकीदार उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, साक्षीदार नाई, ते कधीचेच गेले. कारखाना कोनाचा ते साऱ्याइले मालूम हाये, बाटलीवरच लिहिलं होतं. बाटल्या जंगलात आनल्या कोनी, ते कुठी लिहिलं नाई. म्हनून या पोलीस साहेबानं लिहून घेतलं."

न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि निकालपत्राच्या मजकुरात, मालाच्या वर्णनानंतर, आणखी एक ओळ लिहिली. आरोपीचा पहिलाच गुन्हा, कबुली आणि पश्चात्ताप ध्यानात घेऊन त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. बाटल्या डाकबंगल्याला परत.

कोर्टाच्या व्हरांड्यात प्राध्यापक चौकीदारापुढे येऊन उभे राहिले. चार वेळा त्याच्या हातचा चहा प्यालेला माणूस, आता मान वर करू शकत नव्हता.

"तुमच्या वडिलांचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आमच्या घरी कुणी कधी सांगितलं नाही, बाटल्या कशा जायच्या ते. आजोबा नुसते म्हणायचे, आपला सोडा जंगलात साहेबापर्यंत जातो."

"तुमच्या आजानं भरला, माह्या बापानं उचलला," चौकीदार म्हणाला. "तुम्ही मांगितल्या असत्या तं मी दिल्या नसत्या. सरकारच्या हायेत, माह्या नाई. पन बसवून सांगितलं असतं सारं. त्यासाठीच तं जपल्या. तुम्ही चार वेळा आले, भाऊ. एकदा तं विचारायचं."

प्राध्यापक रडले. चौकीदारानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण तो निघूनही गेला नाही. ते शांत होईपर्यंत बाजूला उभा राहिला, आणि मग दोघं कॅन्टीनच्या दिशेनं चालू लागले. आमची जीप सुटली तेव्हा चौकीदार हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि प्राध्यापक ऐकत होते.

पुढच्याच आठवड्यात चौकीदारानं ताब्याच्या यादीवर सही केली आणि तो निवृत्त झाला. पुढे माझी बदली झाली.

या प्रकरणानं मला काही गोष्टी शिकवल्या. वस्तूंचा आकडा जुळतो म्हणून वस्तू जागेवर आहे असं नसतं. पुस्तकं वाचून जे कळतं त्याहून जास्त, रोज पुसणाऱ्याच्या हाताला कळतं. आणि फिर्यादीच्या तोंडून आलेला एखादा शब्द वेडगळ वाटला तर तो आधी लिहून घ्यावा, हसायचं नंतर. 'हरीण पळून गेलं' हे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून घेतलं असतं, तर एका प्रामाणिक माणसाला दोन दिवस बाकावर बसवून दरडावण्याचं पाप माझ्या हातून झालं नसतं. त्याची माफी मी मागितली होती. त्यानं फक्त मान हलवली. ती माफी होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या खात्याचा शिरस्ता म्हणून या लिखाणात मी कुणाचंच नाव दिलेलं नाही. प्राध्यापकांचं नाही, चौकीदाराचं नाही, चाचांचंही नाही. त्यांच्या घरच्यांना उगाच त्रास नको. पण एका नावाला हा शिरस्ता लावायला माझं मन घेत नाही. ते बेगारीच्या यादीत नुसतं 'डोमा' असं असेल, असलंच तर. न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलेली ओळ मी उतरवून घेतली होती, ती देतो: 'सदर बाटल्या फिर्यादीचे वडील डोमाजी यांनी डोक्यावरून वाहून आणलेल्या आहेत.'